बागेतल्या दिव्यांसाठी एफडी मोडू का? जमिनीखालचा खर्च आधी, वरचा नंतर

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला मखमलाबाद रोडवर स्वतःचा बंगला, पुढे-मागे मिळून बाग. दिवाळीच्या आधी वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत. त्यासोबत १२ व्होल्टचे २२ दिवे लावायचं ८५,००० रुपयांचं कोटेशन आलंय. घर चालतं ते यजमानांच्या अंबड एमआयडीसीतल्या एका पगारावर. महिन्याचा खर्च ६०,००० रुपये, उरतात साधारण १८,०००. हाताशी १,८०,००० ची एफडी. ती मोडायची, की १६ टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज घ्यायचं?

ताई, दोन्ही नको. कर्जाचा हप्ता सुमारे ४,१६० रुपये बसेल आणि दोन वर्षांत जवळपास १५,००० रुपये व्याजात जातील. एवढ्या पैशांत सहा दिवे येतात. एफडीतून ८५,००० काढले तर मागे राहतात ९५,००० रुपये, म्हणजे दीड महिन्याचा घरखर्च. एकाच पगारावर चालणाऱ्या घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. तुमच्याकडे तीनच महिन्यांचा आहे. त्याला हात लावू नका. शिवाय मुदतीआधी एफडी मोडली की बँक व्याजदर कापते, ते वेगळंच.

पण काम पुढे ढकला असंही मी म्हणणार नाही. पेव्हर एकदा बसले की त्याखालून वायर न्यायला ते उपटावे लागतात, आणि पुन्हा बसवलेले ब्लॉक पहिल्यासारखे सपाट क्वचितच बसतात. त्यामुळे जमिनीखाली जाणारं सगळं आत्ता पूर्ण आणि चांगलं करून घ्या. दिवे मात्र थोडेच घ्या.

तुमच्या कोटेशनमध्ये नेमकं उलटं आहे. ५२,८०० रुपये दिव्यांवर (२२ नग, प्रत्येकी २,४००), ट्रान्सफॉर्मर ७,५००, मजुरी १६,००० आणि वायरवर फक्त ८,७००, तीही दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची), एकाच लाइनमध्ये ३० मीटरपर्यंत. ५ वॅटचे २२ दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टला हे नऊ अँपिअरच्या वर जातं. जाऊन-येऊन ६० मीटर दीडच्या तांब्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, पाऊण ओहमच्या आसपास असतो. दिवे वाटेत विखुरलेले धरले तरी टोकापर्यंत तीन व्होल्टहून जास्त गळतात आणि शेवटच्या दिव्याला नऊ व्होल्टसुद्धा मिळत नाहीत. फाटकाजवळ लखलखाट, आंब्याखाली मिणमिण. मग वायरमन म्हणणार, दिवा खराब आहे, बदलून घ्या.

अडीच एमएमची दोन पदरी, वरून आवरण असलेली केबल घ्या. ट्रान्सफॉर्मरपासून एक लाइन पुढे, दुसरी मागे न्या. मग पुढेमागे २२ दिवे लावले तरी टोकाला साधारण एका व्होल्टचाच फरक पडतो. ट्रान्सफॉर्मर १५० वॅटचा घ्या. क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच भार टाकायचा असतो, म्हणजे १२० वॅट. ११० त्यात बसतात.

चर दीड फूट खोल हवा, नाहीतर माळ्याची कुदळ वायरीवर बसते. तळाला वाळू, त्यावर पाइप. पाइपची तोंडं बंद करा, घुशी तिथूनच शिरतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे प्रत्येक वळणावर हातभर वायर सैल सोडा. मातीत नुसते खुपसलेले दिवे वर्षभरात कलतात. खाली छोटा काँक्रीटचा ठोकळा ओता.

जोड कसे करणार ते विचाराच. नुसती टेप गुंडाळलेल्या जोडात पावसाचं पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि पुढच्या श्रावणात दिवे एकेक करून जातात. जेल भरलेले कनेक्टर थोडे महाग पडतात, पण इथे काटकसर करायची नाही.

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ट्रान्सफॉर्मरपर्यंत २३० व्होल्टच येतात. त्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. ट्रान्सफॉर्मर भिंतीवर, जमिनीपासून दोन फूट वर, पाणी न शिरणाऱ्या पेटीत.

आता हिशेब. मजुरी १६,०००, पाइप, केबल, कनेक्टर मिळून १७,००० धरा, ट्रान्सफॉर्मर ७,५००, आणि सहा दिवे १४,४००. एकूण ५४,९०० रुपये. भर पावसात काळ्या मातीत चर खणता येत नाही, त्यामुळे काम नवरात्रानंतर. ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरची शिल्लक होते ५४,०००. कर्ज नाही, एफडी नाही. वरचे ९०० आणि आरसीसीबी-पेटीसाठी आणखी तीन-चार हजार लागतील, ते नोव्हेंबरमधून. पेव्हरचे पैसे तुम्ही वेगळे ठेवले आहेत असं मी धरतोय. ते या १८,००० मधून जाणार असतील तर दिवे सहाऐवजी दोनच घ्या, पण केबल आणि चर कमी करू नका.

सहा दिवे पायऱ्या, फाटक आणि वाटेच्या वळणावर लावा, म्हणजे जिथे पाय अडखळतो तिथे. बाकी जागांवर आधी आठवडाभर रात्री बॅटरी (टॉर्च) ठेवून बघा. मला वाटतं २२ लागणारच नाहीत. उरलेल्यांसाठी डिसेंबरपासून घाई नको. आधी एफडी ३,६०,००० पर्यंत न्या, मग दरवर्षी दिवाळीला चार-चार जोडा. विजेची काळजी करू नका: सहा दिवे रोज पाच तास लावले तर महिन्याला साडेचार युनिट होतात.

चर बुजवण्याआधी मोजायची टेप धरून फोटो काढून ठेवा. ठेकेदाराचे शेवटचे ५,००० रुपये राखून ठेवा. सगळे दिवे अर्धा तास लावून शेवटच्या दिव्यापाशी मल्टिमीटर धरायला सांगा. आकडा ११ च्या वर आला की पैसे द्या.