मुलगी धंद्यावर उठलेली नाही

मुलीच्या करिअरबद्दल सल्ला मागणारं कळंबोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. स्वतःचे सहा ट्रेलर, न्हावा शेवा बंदर ते चाकण-तळेगाव अशी कंटेनरची वाहतूक. मुलगी बारावी झाली, सीईटीला ९१ पर्सेंटाइल. मालवाहू ट्रक आणि रेल्वेमुळे होणारं हवेचं प्रदूषण कमी करायच्या कामात जायचंय, असं तिने घरात जाहीर केलंय. वडील लिहितात: "आमच्याच डिझेलवर वाढली आणि आमच्याच धंद्यावर उठली. उद्या आरटीओत जाऊन माझ्याच गाड्यांना चलन फाडेल. कॉम्प्युटरला मॅनेजमेंट कोट्यातून घालायची माझी तयारी आहे, पैशाचा प्रश्न नाही. तिच्या डोक्यातलं खूळ तेवढं काढा. अभ्यास सोडून माझ्या डिझेलच्या पावत्या घेऊन बसते, कुठली गाडी फेरीला किती पिते ते वहीत लिहिते. परवा ड्रायव्हरसमोर म्हणाली, पप्पा, तुमची २०१६ ची गाडी बाकीच्यांपेक्षा फेरीमागे बारा लिटर जास्त खाते. चार माणसांत माझी काय राहिली?"

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सवयीने मार्क शोधत वाचलं. दुसऱ्यांदा त्या पावत्यांपाशी अडकले, आणि मी अजून तिथेच आहे.

अठराव्या वर्षी कुणी न सांगता, कुठल्याही प्रोजेक्टचे मार्क मिळणार नसताना, सहा गाड्यांच्या डिझेलचा फेरीनिहाय हिशोब ठेवणारी मुलं मला फार भेटत नाहीत. माझ्यासमोर जी बसतात त्यांतल्या बहुतेकांना "तुला काय आवडतं?" विचारलं की ती आईकडे बघतात. तुमच्या मुलीला काय आवडतं ते तुम्ही स्वतःच पत्रात लिहून पाठवलंत, फक्त तक्रार म्हणून. आणि त्या तक्रारीत एक गोष्ट लिहायची राहिली: ती गाडी खरंच बारा लिटर जास्त खाते का? तुम्ही तपासलंत? पत्रात ड्रायव्हर आहे, चार माणसं आहेत, अब्रू आहे. गाडीचं पुढे काय झालं ते नाही.

तुम्ही दुखावलात, ते समजतं. रात्री-अपरात्री घाटात बंद पडलेल्या गाडीसाठी मेकॅनिक शोधत, हप्ते भरत, भाडं थकवणाऱ्या पार्टीच्या दारात उभं राहत तुम्ही हे उभं केलंत. ज्या धुरावर घर चाललं, तोच धूर वाईट असं घरातलंच माणूस म्हणालं तर लागणारच. पण ती धंद्यावर उठलेली नाही. तुमच्या धंद्याकडे घरात दुसऱ्या कुणीच इतकं बारकाईने बघितलेलं नाही. अंगावर उठलेलं माणूस पावत्या जमवत बसत नाही हो, ते मोर्चात जातं.

शिवाय तिच्या वहीतला आकडा आणि तुमच्या खिशातला आकडा एकच आहे. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वेगळे. फेरीमागे बारा लिटर वाचले तर ते आधी तुमच्या बिलातून जातात आणि मगच हवेतून. म्हणजे या बाबतीत तुमचं आणि तिचं भांडण असायचं कारणच नाही. तरी ते झालं, कारण ती बोलली ड्रायव्हरसमोर. तिची चूक असलीच तर ती तेवढीच, आणि त्यासाठी कोणी मुलीची शाखा बदलत नाही.

मॅनेजमेंट कोट्याचं थोडं तुमच्याच भाषेत बोलते. मार्केटमध्ये सगळेच घेताहेत म्हणून, कुठलंही भाडं हातात नसताना, मोठं डाउन पेमेंट देऊन तुम्ही सातवा ट्रेलर घ्याल का? मग तिला कॉम्प्युटरमध्ये रस नसताना लाखो रुपये मोजून तिथे बसवणं हा कुठला व्यवहार? चार वर्षांनी ती रिकामी फेरीच मारून येईल.

आता आरटीओची भीती. चलन फाडणारे सहायक मोटार वाहन निरीक्षक एमपीएससीतून भरले जातात, त्यासाठी ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकलचं शिक्षण लागतं. तिने तो रस्ता धरला तर वाईट काहीच नाही, फक्त मला ती त्यातली वाटत नाही.

एका गैरसमजावर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तो तुमचाही आहे आणि तुमच्या पत्रावरून दिसतं की तिचाही. तुम्ही लिहिलंत, "तिला एन्व्हायर्नमेंटल इंजिनियरिंग करायचंय, त्यात नोकऱ्या नाहीत." नोकऱ्यांचं नंतर बघू. ट्रकचा धूर कमी करायचा म्हणजे पर्यावरणाचीच पदवी हवी, हे गृहीतच चुकीचं आहे. ही शाखा आपल्याकडे सिव्हिलच्या पोटातून आली. बहुतेक ठिकाणी तिच्यात पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण, सांडपाणी आणि घनकचरा हेच मुख्य असतं, हवा एखाद-दुसऱ्या विषयात उरकतात. ट्रकचा धूर खरा कुठे ठरतो? इंजिनात, म्हणजे मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलमध्ये. सायलेन्सरमध्ये धुरातले विषारी वायू बदलणाऱ्या कॅटॅलिस्टवर, म्हणजे केमिकलमध्ये. सेन्सर आणि ईसीयूत (इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये), म्हणजे इलेक्ट्रॉनिक्समध्ये. आणि बंदराच्या गेटवर गाडी किती तास उभी राहते त्यात, म्हणजे वाहतुकीच्या नियोजनात. पर्यावरणाची पदव्युत्तर पदवी नंतर घेता येते, आयआयटी मुंबईत त्याचा चांगला विभाग आहे. पाया मात्र यंत्राचा हवा. धूर मोजणारे पुष्कळ आहेत, तो का निघतो हे सांगणारे कमी.

एक उदाहरण देते, तुमच्या रोजच्या पाहण्यातलं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचा आणखी कडक नियम आला. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर उतरलं, गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर आला आणि युरियाची टाकी आली. तो युरिया नायट्रोजनच्या ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात रूपांतर करतो. पण हे काम जमायला सायलेन्सर चांगला तापलेला लागतो, साधारण दोनशे अंशांच्या पुढे. घाट चढताना तो तापतो. बंदराच्या रांगेत इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभं राहिलं की थंडावतो. मग युरिया असून काम होत नाही, फिल्टरमध्ये काजळी साठत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, ड्रायव्हर वैतागतो. पुढचं तुम्हाला माहीत आहे: कुणीतरी सांगतं की अमुक ठिकाणी गाडीच्या सेन्सरला फसवणारी एक डबी लावून मिळते, युरिया टाकायलाच नको. तुमच्या गाड्यांना ती आहे का, मी विचारत नाही. "माझ्या सगळ्या गाड्यांची पीयूसी आहे" असं मात्र तुम्ही अभिमानाने लिहिलंत म्हणून सांगते. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा बघतात. नायट्रोजनचे ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्या यंत्रात मोजलेही जात नाहीत. डबी लावलेली गाडी पीयूसीत आरामात पास होते.

रांगेत थंडावणाऱ्या सायलेन्सरचं करायचं काय, हा आज खराखुरा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. उत्तरातलं निम्मं इंजिनात आहे आणि निम्मं रांगच लागू नये यात. पुण्यात कोथरूडला एआरएआय आहे, गाड्यांच्या उत्सर्जनाच्या चाचण्या तिथे होतात. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत शहरांच्या हवेचा अंदाज देणारी 'सफर' यंत्रणा उभी राहिली. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधनाची संस्था आहे. ट्रक आणि इंजिनं बनवणारे कारखाने तर चाकण-पिंपरीत आहेतच, तुमचे ट्रेलर त्यांच्याच गेटवरून जातात. "नोकऱ्या नाहीत" हे तुम्ही कुणाला विचारून लिहिलंत?

आता चार शब्द मुलीसाठी, तिला वाचायला द्या. तू घरात म्हणालीस की सगळे ट्रक बंद करून माल रेल्वेने न्यायला हवा. बाई गं, इतकं सोपं असतं तर तुझ्या पप्पांचा धंदा कधीच बसला असता. रेल्वेचा स्वतःचा धूर आता मोठा प्रश्न राहिलेला नाही. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला धावली, आणि आज देशाचं ब्रॉडगेज जाळं जवळजवळ सगळं तारेखाली आलंय. वीज बरीचशी कोळशाचीच, म्हणून थोडा धूर कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांकडे गेला, हेही विसरू नकोस. पण पोलादी रुळावर पोलादी चाक फिरतं तेव्हा तोच टनभर माल न्यायला रबरी टायरपेक्षा कितीतरी कमी ऊर्जा लागते, हा फायदा कुठे जात नाही. अडचण वेगळीच आहे: माल रेल्वेपर्यंत पोचत नाही. चाकणच्या कारखान्यातून निघालेला कंटेनर आधी ट्रकवर चढणार, यार्डात उतरणार, वॅगनवर चढणार, मग बंदरात पुन्हा उतरणार. सव्वाशे-दीडशे किलोमीटरसाठी हा उपद्व्याप कुणाला परवडतो? लांबच्या मालाला परवडतो, म्हणून दिल्लीजवळच्या दादरीपासून जेएनपीटीपर्यंत, म्हणजे न्हावा शेवाच्याच बंदरापर्यंत, असा १,५०६ किलोमीटरचा फक्त मालगाड्यांचा मार्ग आखला. एकावर एक दोन कंटेनर जावेत म्हणून तिथली वीजवाहक तारसुद्धा नेहमीपेक्षा उंच टांगावी लागली. राष्ट्रीय रेल्वे योजनेत २०३० पर्यंत ४५ टक्के मालवाहतूक रेल्वेवर आणायचं लक्ष्य आहे. ते गाठायला धुराच्या तज्ज्ञापेक्षा कंटेनर कुठे अडतो हे ओळखणारं माणूस जास्त लागेल.

जमलं तर एकदा कोलाडला जाऊन ये. कळंबोलीहून लांब नाही. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये तिथून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत रो-रो सुरू केली: भरलेले ट्रकच्या ट्रक सपाट वॅगनवर चढवायचे आणि गाडी निघायची. ट्रकचं इंजिन बंद, ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये आडवा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका केबिनच्या खिडकीत बनियन वाळत घातलेलं होतं आणि ट्रक रुळावरून चालला होता. ट्रक की रेल्वे, असा वाद घालणाऱ्यांनी ते बनियन बघावं. त्या वेळी गाडी ओढणारं इंजिन डिझेलचंच असायचं, विद्युतीकरण पूर्ण व्हायला २०२२ उजाडलं. सुधारणा अशी हप्त्याहप्त्याने येते, तुझ्या पप्पांना हप्त्यांचं गणित चांगलं माहीत आहे.

प्रवेशाचं थोडक्यात. ९१ पर्सेंटाइलला सीओईपी-व्हीजेटीआयचं मेकॅनिकल विसरा. पण कॉम्प्युटरच्या मानाने मेकॅनिकलचा कटऑफ आज बराच खाली आहे, त्यामुळे कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, डोनेशनशिवाय, बऱ्यापैकी कॉलेज मिळू शकतं. ऑप्शन फॉर्म भरताना इमारत बघू नका. इंजिनची प्रयोगशाळा उघडी असते की कुलपात, ते विचारा. दुसरा पर्याय बडोद्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय, रेल्वे आणि वाहतुकीसाठीच काढलेलं, २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठ. तिथले प्रवेश जेईई मेनवरून होतात. ती परीक्षा दिली असेल तर जरूर बघा.

आणि "मुलगी मेकॅनिकलला जाऊन काय नट-बोल्ट आवळणार?" हे वाक्य तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता आलंय. मला वाटतं सगळ्या पत्रात खरं वाक्य तेच आहे, बाकी धंदा, अब्रू, आरटीओ हे त्याच्यावर घातलेलं कापड. मुलगा असता आणि त्याने गाडी बारा लिटर जास्त खाते असं ड्रायव्हरसमोर सांगितलं असतं, तर तुम्ही त्या संध्याकाळी यार्डात त्याचं कौतुक करत फिरला असता. चिडू नका, शांतपणे आठवून बघा तसं झालं असतं की नाही.

कॅपचा फॉर्म भरायच्या आधी एक काम करा. येत्या रविवारी तिला यार्डात घेऊन जा. ती आजवर कधी गेलेली नाही हे मी पत्रावरून ओळखते, कारण तिची सगळी माहिती पावत्यांची आहे. बारा लिटर कुठे जातात ते पावती सांगत नाही. नोझल खराब असेल, टायरात हवा कमी असेल, ड्रायव्हर रात्री एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपत असेल, नाहीतर कुठल्यातरी ढाब्यामागे कॅन भरत असेल. सहापैकी सहा टाक्या तिच्यासमोर फुल्ल करा, पुढच्या तीन फेऱ्या तिला मोजू द्या, आणि मेकॅनिकला तिच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगा. यात तिचं मन रमलं नाही, ग्रीस आणि उकाड्याने आठ दिवसांत कंटाळली, तर मला कळवा. आपण दुसरं काहीतरी शोधू आणि तेव्हा मी कॉम्प्युटरचं नावही ऐकून घेईन.

नाही कंटाळली, तरी कळवा. आणि त्या २०१६ च्या गाडीचं काय निघालं तेही लिहा. माझा अंदाज नोझलचा आहे.