प्रजातींच्या वितरणाच्या मॉडेलिंगमध्ये पीएचडी करावी का? गणित बेताचं असेल तर जमेल का?

तुम्ही लिहिलं आहे की वनस्पतिशास्त्रात एमएससी झाली आहे, रानात फिरायची आवड आहे, पण गणित बेताचं आहे. शिवाय हे काम म्हणजे दिवसभर संगणकापुढे बसणं, असं कुणीतरी सांगितल्यामुळे मन डळमळतंय. मी अठरा वर्षं हेच काम करतो आहे. जे अनुभवलं ते सांगतो.

काम थोडक्यात असं. एखादी प्रजाती कुठेकुठे सापडली याच्या नोंदी घ्यायच्या. त्या जागांचं तापमान, पाऊस, उंची, माती, झाडोरा यांच्याशी त्या नोंदींची सांगड घालायची. मग जिथे कुणी पाहायला गेलेलंच नाही, तिथली जागा त्या प्रजातीला कितपत मानवेल याचा अंदाज बांधायचा. यामागचा विचार जुना आहे. जोसेफ ग्रिनेल यांनी १९१७ मध्ये कॅलिफोर्निया थ्रॅशर या पक्ष्याचा आढळ आणि तिथली परिस्थिती यांचं नातं मांडलं होतं. १९५७ मध्ये हचिन्सन यांनी त्याला गणिती रूप दिलं. पण संशोधकांची गर्दी झाली ती २००६ नंतर. त्या वर्षी स्टीव्हन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी मॅक्सएंट ही पद्धत परिस्थितिकीत आणली. तिला प्रजाती 'कुठे नाही' याची माहिती लागत नाही, 'कुठे सापडली' एवढ्यावर ती चालते. संग्रहालयांत शंभर-दीडशे वर्षं पडून असलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या त्यामुळे एकदम कामाच्या झाल्या.

माझ्या पीएचडीचं पहिलं मॉडेल एका छोट्या बेडकाचं होतं. पालापाचोळ्याखाली राहणारा, पहिल्या मोठ्या पावसानंतर थोडेच दिवस ओरडणारा. जुन्या नोंदी गोळा केल्या, हवामानाचे थर जोडले, मॉडेल चालवलं. एयूसी ०.९ च्या वर आला. एयूसी म्हणजे प्रजातीच्या जागा आणि इतर जागा मॉडेल किती चांगल्या वेगळ्या ओळखतं याचं माप. १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक. नकाशाही सुंदर दिसत होता. आमच्याबरोबर वर्षानुवर्षं रानात येणारे एक सहायक होते, त्यांना मी तो मोठ्या कौतुकाने दाखवला. त्यांनी लाल पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा तर आपल्या जीपचा रस्ता आहे."

ते खरं होतं. नोंदी करणारे सगळे जण गाडी जाते तिथवरच गेले होते. मॉडेलने बेडकाचं घर म्हणून आमच्याच फिरण्याचा नकाशा काढला होता, आणि तोही उत्तम गुण मिळवून. त्या संध्याकाळी मला या विषयाची खरी ओळख झाली असं मी मानतो. आजही नवीन डेटा हातात आला की पहिला प्रश्न तोच: या नोंदी कुणी केल्या, कशासाठी, आणि ते लोक कुठे गेले नाहीत?

यावर उपाय आहेत. मॅक्सएंट प्रजातीच्या जागांची तुलना 'पार्श्वभूमी'च्या बिंदूंशी करतं. हे बिंदू सरसकट सगळ्या प्रदेशातून उचलण्याऐवजी त्याच लोकांनी, त्याच पद्धतीने केलेल्या इतर बेडकांच्या नोंदी पार्श्वभूमी म्हणून वापरायच्या. मग रस्त्याजवळ असण्याचा कल दोन्ही बाजूंना सारखाच येतो आणि बराचसा वजा होतो. फिलिप्स, जेन एलिथ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे नीट मांडलं. मी ते करून पाहिलं तेव्हा रस्त्याची रेघ फिकी झाली आणि वरचे दोन डोंगरकडे उजळले. तिथे कुणाचीच नोंद नव्हती. पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोन्हीकडे चालत गेलो. एका कड्यावर चौथ्या रात्री बेडूक ओरडला. दुसऱ्यावर नाही.

पण 'सापडला नाही' आणि 'तिथे नाही' यांत फरक आहे. समजा बेडूक तिथे आहे आणि एका फेरीत तो दिसण्याची किंवा ऐकू येण्याची शक्यता ०.३ आहे. तीन फेऱ्यांत एकदाही न सापडण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ०.३४. एक तृतीयांशाहून थोडी जास्तच! पाच फेऱ्यांनंतरही ती ०.१७ उरते. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली ऑक्युपन्सी मॉडेल्स यासाठीच आहेत: एकाच जागी पुन्हापुन्हा जायचं आणि प्रजाती तिथे असणं व ती आपल्याला सापडणं, या दोन शक्यता वेगळ्या काढायच्या. आता वरचा गुणाकार तुम्हाला कळला ना? मग गणिताची भीती निम्मी सोडून द्या.

उरलेल्या निम्म्यासाठी प्रतिगमन, म्हणजे रिग्रेशन, शिका: एक गोष्ट दुसरीबरोबर कशी बदलते हे रेषेने मांडायची पद्धत. पण मन लावून शिका. साधं, मग सामान्यीकृत, मग वळणदार रेषांचं. मॅक्सएंटभोवती फार दिवस गूढतेचं वलय होतं. २०१३ मध्ये सिद्ध झालं की ते गणिती दृष्टीने प्वासाँ बिंदुप्रक्रियेच्या, म्हणजे नकाशावर बिंदू कुठे किती दाट पडतात हे मांडणाऱ्या, मॉडेलशी समतुल्य आहे, म्हणजे रिग्रेशनच्याच घराण्यातलं. हे वाचून मला फार हायसं वाटलं होतं. याशिवाय आर ही संगणकभाषा आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे हाताळायची प्रणाली. दोन्ही सहा महिन्यांत कामापुरती येतात. तुमचं वनस्पतिशास्त्र मात्र सहा महिन्यांत कुणाला येत नाही. कुठलं झाड कोणत्या मातीत तग धरतं हे माहीत असलेला माणूस मॉडेलमध्ये काय घालायचं ते ओळखतो. ज्याला ते माहीत नाही, तो तयार मिळणारे हवामानाचे एकोणीसच्या एकोणीस घटक घालून मोकळा होतो.

आत्ताच जेन एलिथ यांचं नाव आलं. त्या मेलबर्न विद्यापीठातल्या, पहिली पदवी शेतीविज्ञानाची. २००६ मध्ये त्यांच्या गटाने सहा प्रदेशांतल्या २२६ प्रजातींवर १६ पद्धती घासून पाहिल्या. मॉडेल ज्या डेटावर बांधलं त्यावर ते न तपासता, वेगळ्या आणि पद्धतशीर सर्वेक्षणांवर तपासलं, ही त्यातली मोलाची गोष्ट. २०१० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केन टोडचं उदाहरण घेतलं. उसावरचे भुंगेरे खातील म्हणून १९३५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये सोडलेला हा भेक अजून ऑस्ट्रेलियात पसरतो आहे. तो पुढे कुठे पोहोचेल हे सांगताना मॉडेल कधीच न पाहिलेल्या हवामानात शिरतं. असा प्रदेश नकाशावर वेगळा दाखवायची पद्धत त्यांनी दिली. २०१५ मध्ये एलिथ यांना ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान विज्ञान पुरस्कारांमधला फ्रँक फेनर पुरस्कार मिळाला. त्यांचं काम मला आवडतं, कारण मॉडेल कुठे चुकेल हे वापरणाऱ्याला दिसावं याची काळजी त्यात सतत घेतलेली आहे.

ही काळजी का हवी ते एका प्रसंगाने सांगतो. एका प्रकल्पाच्या बैठकीत माझा नकाशा पडद्यावर होता. जागा मानवण्याचा अंदाज ०.४ च्या खाली असलेला भाग 'प्रजाती नाही' म्हणून पांढरा करावा असं ठरायला आलं होतं. तो पांढरा भाग मुख्यतः कुणी न पाहिलेल्या दऱ्यांचा होता. मी अडून बसलो आणि अनिश्चिततेचा दुसरा नकाशा शेजारी लावल्याशिवाय पहिला देणार नाही असं सांगितलं. तास-दीड तास वाद झाला. शेवटी दोन्ही नकाशे अहवालात गेले आणि त्या दऱ्यांत सर्वेक्षण करायचं ठरलं. अशा बैठका या कामाचा मोठा भाग आहेत. त्यांची तयारी कुठल्याच अभ्यासक्रमात होत नाही.

संगणकापुढे बसावं लागतं हे खरं आहे. माझं वर्षातले आठ-नऊ महिने तेच चालतं, आणि त्यातला बराच वेळ नोंदी स्वच्छ करण्यात जातो: अक्षांश-रेखांश उलटे लिहिलेले, समुद्रात पडलेली झाडं, बदललेली शास्त्रीय नावं. नोकऱ्या विद्यापीठांत, संशोधन संस्थांत, वनखात्यांसाठी, संवर्धन संस्थांत असतात. कायम जागा मिळायला पीएचडीनंतर काही वर्षं पोस्टडॉकची, म्हणजे मुदतीच्या संशोधन-नोकरीची, अस्थिरता सोसावी लागते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. गाइड निवडताना त्यांचे विद्यार्थी स्वतः रानात जातात का, तेवढं नक्की विचारा.

अर्ज करण्याआधी एक महिना काढा. त्या २२६ प्रजातींचा डेटा एलिथ यांच्या गटाने २०२० मध्ये सर्वांसाठी खुला केला आहे. त्यातल्या एखाद्या वनस्पतीचं मॉडेल बांधा आणि सोबत दिलेल्या सर्वेक्षणाशी ताडून पाहा. मग तुमच्या ओळखीच्या एखाद्या झाडाच्या नोंदी जीबीआयएफ या जगभरातल्या प्रजातींच्या नोंदींच्या खुल्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि कुठलंही मॉडेल न चालवता फक्त रस्त्यांच्या नकाशावर मांडा. काय दिसलं ते इथे खाली लिहा, मी वाचेन.