वाचकांचे प्रश्न : चपळ आणि चिडक्या टॅरंटुलाची पिल्लं

या वेळची बहुतेक पत्रं ऑरेंज बबून टॅरंटुला या केसाळ कोळ्याच्या पिल्लांविषयी आहेत. पाळणारे त्याला ‘ओबीटी’ म्हणतात. शास्त्रीय नाव टेरिनोकिलस म्युरिनस, मूळ घर आफ्रिका. अमेरिका खंडातल्या बऱ्याच टॅरंटुलांच्या पोटावर शत्रूवर झाडायला खाजरे केस असतात, ते याच्याकडे नाहीत. त्यामुळे डिवचल्यावर पळणं, पुढचे पाय उचलून सुळे दाखवणं आणि तेही पुरलं नाही तर चावणं, एवढंच त्याच्या हाती उरतं. हेटेरोस्कोड्रा, पोसिलोथेरिया अशा त्याच स्वभावाच्या वंशांतल्या टॅरंटुलांनाही पुढचं बरंचसं लागू आहे. लांबीचे आकडे पायांच्या पसाऱ्याचे आहेत, म्हणजे पुढच्या एका पायाच्या टोकापासून तिरकं मागच्या पायाच्या टोकापर्यंत.

प्रश्न : पिल्लू जेमतेम १ सेंटिमीटरचं आहे. ३० सेंटिमीटर लांबीची काचेची पेटी आधीच घेऊन ठेवली आहे. त्यातच सोडलं तर पुन्हा पुन्हा घर बदलायचा त्रास वाचेल ना?

त्रास वाचणार नाही, वाढेल. एवढ्या जागेत पिल्लाला भक्ष्य सापडत नाही, ते जिवंत आहे की नाही हे तुम्हाला दिसत नाही आणि ओल सगळीकडे सारखी राहत नाही. ६० ते १०० मिलिलिटरची, रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली पारदर्शक डबी घ्या. आट्यांचं, फिरवून लावायचं झाकण असेल तर उत्तम. नुसतं दाबून बसवायचं झाकण उघडताना डबीला झटका बसतो, आणि तो झटका लागताच पिल्लू वर धावतं.

डबीचा दोन तृतीयांश भाग भिजवून पिळलेल्या कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) भरा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. खालचा थर चांगला दाबा, वरचा थोडा सैल ठेवा. पेन्सिलीने कडेला, भिंतीला लागून, ३-४ सेंटिमीटर खोल तिरकं भोक पाडा आणि त्याच्या तोंडाशी कॉर्कच्या सालीचा तुकडा टेकवा. आयतं बीळ मिळालं की पिल्लू एक-दोन दिवसांत त्यात शिरतं आणि रेशमाने ते मढवून टाकतं. भिंतीला लागून असल्यामुळे तुम्हालाही आत डोकावता येतं.

हवेसाठी तापवलेल्या सुईने समोरासमोरच्या बाजूंना, मातीच्या वर, दहा-बारा छिद्रं पाडा. छिद्र पिल्लाच्या डोक्याकडच्या कडक ढालीपेक्षा अरुंदच हवं. पोट मऊ असतं, ते दबून निघतं; ढाल जिथून गेली तिथून अख्खं पिल्लू गेलं म्हणून समजा. १ सेंटिमीटरच्या पिल्लाला १ मिलिमीटरचं छिद्र पुरे, शंका असेल तर त्याहूनही बारीक.

प्रश्न : डबीत आर्द्रता किती टक्के ठेवायची? रोज फवारा मारतो, तरी मापक कधी ५० दाखवतो, कधी ९०.

मापक काढून ठेवा. एवढ्याशा डबीतला तो आकडा फवाऱ्यासरशी उसळतो आणि तासाभरात पडतो, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. बघायची ती मातीतली ओल. लहान पिल्लाची कातडी पातळ असते, अंगातलं पाणी चटकन उडतं, म्हणून बिळाच्या तळाशी ओल हवी. ओबीटी कोरड्या प्रदेशातला म्हणून पिल्लालाही कोरडं ठेवणं ही नेहमीची चूक आहे, आणि पिल्लं दगावण्याचं ते एक मोठं कारण आहे. ३-४ सेंटिमीटरचं झालं की मग वरचा बहुतेक भाग कोरडा आणि एक कोपरा ओला, एवढं चालतं. पोसिलोथेरियाला मात्र मोठेपणीही जरा जास्त ओल लागते.

फवारा अंगावर पडला की हे पिल्लू उधळतं. त्याऐवजी सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीने, बिळाच्या विरुद्ध कोपऱ्यात, भिंतीवरून हळूहळू पाणी सोडा. ते तळाशी जातं आणि वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो. एका वेळी २-३ मिलिलिटर पुष्कळ. खालचा थर फिकट दिसू लागला की पुन्हा द्यायचं, वाराप्रमाणे नाही. आतल्या भिंतींवर दिवसभर थेंब साचून राहत असतील तर पाणी जास्त झालंय किंवा हवा कमी पडतेय. पांढरी बुरशी आणि माइट्ससारखे सूक्ष्म जीव अशाच डबीत येतात. ओल्या मातीत उड्या मारणारे बारीक करडे कीटक दिसले तर घाबरू नका, ते स्प्रिंगटेल. बुरशी खातात, कोळ्याला काही करत नाहीत.

प्रश्न : खायला काय आणि किती वेळा?

आठवड्यातून दोनदा, पिल्लाच्या पोटापेक्षा मोठं नसलेलं भक्ष्य. न उडणाऱ्या फळमाश्या, नुकतेच जन्मलेले रातकिडे, झुरळांची पिल्लं, यांपैकी काहीही. एवढं बारीक मिळत नसेल तर मोठ्या रातकिड्याची मांडी तोडून बिळाच्या तोंडाशी ठेवा. १ सेंटिमीटरची पिल्लं मेलेलंही बिनतक्रार खातात. मीलवर्म (एका भुंग्याची अळी) द्यायचा तर डोकं चेचून, नाहीतर तो मातीत दडी मारतो आणि पिल्लू कात टाकत असताना नेमका वर येतो. रातकिडाही कात टाकणाऱ्या कोळ्याला कुरतडतो. म्हणून उरलंसुरलं २४ तासांत बाहेर. घराबाहेर पकडलेले किडे नकोत, त्यांच्यात कीटकनाशक असू शकतं आणि परजीवीही.

पोट ढालीच्या दीडपट झालं की आठवडाभर काही देऊ नका. टम्म फुगलेलं पोट थोड्याशा पडण्यानेही फुटतं.

प्रश्न : तीन आठवडे झाले, पिल्लाने बिळाचं तोंड जाळ्याने आणि मातीने बंद केलं आहे. खात नाही, दिसत नाही. उकरून पाहू का?

नाही. ते कात टाकायच्या तयारीत आहे किंवा टाकून झाली आहे. या वयात, खोली उबदार असली तर, महिना-दीड महिन्याला कात पडते. थंडीत जास्त वेळ लागतो. उकरलं तर दोनपैकी एक होतं : उलटं पडून जुन्या कातडीतून पाय सोडवत असलेलं पिल्लू जखमी होतं, नाहीतर घर मोडल्यामुळे ते पुढचे काही आठवडे प्रत्येक हालचालीला दचकत राहतं. ‘माझा ओबीटी फार चिडका आहे’ अशी तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा मातीची खोली विचारतो. बीळ शाबूत असलेला कोळी आत पळतो. ज्याला पळायला जागा नाही, तो तुमच्याकडे तोंड करून उभा राहतो.

कोपऱ्यात पाणी सोडत राहा, बाकी हात लावू नका. बिळाचं तोंड उघडलेलं दिसलं की आणखी पाच ते सात दिवस थांबून मग भक्ष्य द्या. नव्या कातेनंतर सुळे आधी पांढरे, मग तांबडे आणि शेवटी काळे होतात. काळे होण्याआधी भक्ष्य पकडायला गेलं तर मऊ सुळा दुखावू शकतो.

प्रश्न : पिल्लू आता साधारण ४ सेंटिमीटरचं आहे आणि डबी अपुरी पडते. पण झाकण उघडलं की ते गोल गोल धावत वर येतं. ते मोठं होऊन शांत होईपर्यंत थांबावं का?

ते शांत होणार नाही, फक्त मोठं होईल, आणि सुळेही मोठे होतील. स्थलांतर करायचं तर याच आकारात, तेही पुढच्या कातेची लक्षणं दिसायच्या आत. उशीर केला तर जाळं झाकणाला चिकटतं. मग झाकण उघडणं म्हणजे त्याच्या घराचं छप्परच ओढणं.

नवी पेटी पसाऱ्याच्या तीन-चार पट लांबीची घ्या आणि आधी पूर्ण तयार करा : ८-१० सेंटिमीटर माती, तिरकी कॉर्कची साल, तिच्याखाली आयतं बीळ, बाटलीच्या झाकणाएवढं पाण्याचं भांडं. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर फार ठेवू नका. ओबीटी चढतो, आणि उंचावरून पडून पोट फुटलेला कोळी क्वचितच वाचतो.

काम दिवसा करा. कोळी रात्रीचा प्राणी, दिवसा तो बिळात असण्याचीच शक्यता जास्त. खोलीचं दार बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल, पंखा बंद. जमिनीवर उंच भिंतींचा मोठा पारदर्शक प्लॅस्टिकचा टब ठेवून सगळं त्याच्या आत करा. हाताशी दोन पारदर्शक कप, एक जाड पुठ्ठा, रंगकामाचा मऊ ब्रश आणि ३० सेंटिमीटरचा चिमटा ठेवा. चिमट्याने कोळी उचलायचा नाही. साल आणि जाळं हलवण्यापुरताच तो. लांब बाह्यांचा शर्ट, तोही मनगटाशी घट्ट. सैल बाहीत शिरलेला ओबीटी बाहेर काढण्याचा चांगला मार्ग कुणाकडेच नाही.

मग झाकण हळूहळू सैल करा आणि अर्धा मिनिट थांबा. पिल्लू आत असेल तर झाकण काढून डबी तशीच नव्या पेटीत आडवी ठेवा, तोंड सालीखालच्या बिळाकडे करून, आणि पेटी बंद करा. एक-दोन रात्रींत ते आपण होऊन बाहेर पडतं. रिकामी डबी नंतर काढून घ्या. तुम्हाला त्याला हात लावायचा नाही आणि त्यालाही पळायचं कारण नाही, म्हणून आमच्या मते या जातीसाठी याहून चांगली पद्धत नाही. डबी पेटीत मावत नसेल तरच ब्रश. ब्रश मागच्या पायांना हलकेच लावायचा, तोंडासमोर धरायचा नाही, आणि पुढे कप आधीच उपडा तयार ठेवायचा.

फुंकर मारू नका. वाऱ्याच्या झोताला टॅरंटुला फार जोरात प्रतिसाद देतात. आणि हालचाल मंदावेल म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. त्याने कोळ्याला इजा होते, आणि अंगात ऊब आली की तो होता तसाच धावतो.

ते हातावर चढलंच तर झटकू नका. हात टबावर, मातीच्या जवळ खाली आणा आणि स्थिर धरा. धाव दोन-तीन सेकंदांची असते, मग ते थांबतं. थांबलं की वरून कप.

प्रश्न : स्थलांतर करताना पिल्लू निसटलं, कपाटामागे गेलं. कसं शोधायचं?

दार बंद ठेवून अंधार होईपर्यंत थांबा. मग टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरून आधी जमिनीलगतच्या कडा, मग भिंत आणि छत मिळतात तो कोपरा, मग फर्निचरची मागची बाजू बघा. कपाट सरकवण्याआधी खालून उजेड टाका, नाहीतर तेच चिरडलं जातं. कोपऱ्यांत ओला कापूस ठेवा. दोन-चार दिवसांनी तहानेने ते तिथे येण्याची शक्यता असते. सापडलं की वर कप, खालून पुठ्ठा. ते सापडेपर्यंत त्या खोलीत जमिनीवर झोपू नका आणि बूट झटकून घाला.

प्रश्न : सकाळी पिल्लू पाय पोटाखाली दुमडून बसलेलं दिसलं. मेलं का?

पाठीवर पडलं असेल आणि पाय पसरलेले असतील तर ते कात टाकतंय, त्याला हात लावू नका. सरळ बसलेलं असून पाय मुठीसारखे आत वळले असतील तर ते गंभीर आहे. कोळी पाय आत ओढतो स्नायूंनी, पण सरळ करतो ते मुख्यतः अंगातल्या द्रवाच्या दाबाने. अंगातलं पाणी घटलं की दाब पडतो आणि पाय आपोआप वळतात. पिल्लाला ओलसर मातीच्या दुसऱ्या डबीत ठेवा आणि ब्रशच्या टोकाने पाण्याचा एक थेंब तोंडाशी, सुळ्यांच्या मुळाशी लावा. पोटाच्या खालच्या बाजूला पाणी नको. श्वसनाची फुप्फुसं तिथे आहेत. तहानच कारण असेल तर काही तासांत पाय थोडे पसरतात. ओल्या टिश्यूपेपरवर ठेवण्याची जुनी पद्धत आम्ही सुचवत नाही. माती ओल जास्त सावकाश आणि सारखी देते.

प्रश्न : खोली थंड असते. डबीखाली हीटिंग पॅड लावू?

खालून नको. तापलं की कोळी खाली खणून गारवा शोधतो, आणि इथे खालीच आच. वरचा दिवा पिल्लाला सुकवतो. २२ ते २८ अंश सेल्सियस पुरे. त्याहून थंडी असेल तर खोली किंवा अख्खं कपाट उबदार करा.

प्रश्न : एकाच कोषातली दोन भावंडं एका डबीत वाढवता येतील का?

काही दिवस, मग एकच उरेल, आणि ते गुबगुबीत असेल.

प्रश्न : या जातीचा दंश किती घातक आहे? घरात लहान मूल आहे.

टॅरंटुलाच्या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. मात्र मोठ्या ओबीटीच्या किंवा पोसिलोथेरियाच्या दंशाने तीव्र वेदना, सूज आणि स्नायूंत पेटके येतात, आणि पेटके कधी कधी काही दिवसांनी परत येतात. १-२ सेंटिमीटरच्या पिल्लाचे सुळे फार छोटे. पण हीच पिल्लं वर्षभरात हाताच्या पंजाला भारी पडतील एवढी होतात. दंश झाल्यास साबणाने धुवा, थंड शेक द्या, अंगठ्या काढा. कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांपैकी काहीही करू नका. यावर प्रतिविष नाही, उपचार लक्षणांवर होतो. पेटके, छातीत दुखणं, श्वासाचा त्रास यांपैकी काही झालं, किंवा मुलाला दंश झाला, तर वाट न बघता रुग्णालयात जा आणि कोळ्याचं शास्त्रीय नाव चिठ्ठीवर लिहून न्या. पेटी कुलपाची हवी आणि मुलाच्या हाताला न लागेल अशा उंचीवर, पण पडू शकणार नाही अशी ठेवलेली.

प्रश्न : पोसिलोथेरियाचं पिल्लू घ्यायचं आहे. कागदपत्रं लागतात का?

भारत आणि श्रीलंकेतल्या या वंशाच्या सगळ्या जाती २०१९ पासून साइट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. देशाबाहेर नेण्या-आणण्याला परवाना लागतो. देशांतर्गत नियम वेगळे, ते घेण्याआधी तपासा. जंगलातून पकडलेलं पिल्लू कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

प्रश्न : नर की मादी, कधी कळेल?

४-५ सेंटिमीटरच्या पुढच्या कातेवरून. मादी १२-१५ वर्षं जगू शकते, नर त्या मानाने फार थोडा, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. कात मिळाली की भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात तासभर भिजवा, पोटाकडचा भाग ब्रशने उलगडा आणि पुढच्या फुप्फुसांच्या जोडीच्या मधली जागा आतल्या बाजूने भिंगाखाली बघा. तिथे उठलेली छोटी पाकळी असेल तर मादी. काहीच दिसलं नाही तर लगेच नर ठरवू नका, पुढची कात तपासा. ओबीटी बऱ्याचदा कात चुरगाळून बिळाबाहेर टाकतो. ती त्याच दिवशी चिमट्याने उचललीत तर बरं, सुकली की हात लावताच तुकडे होतात.