वाचक विचारतात : डेअरडेव्हिल मालिकेतच का रंगला?

प्रश्न : २००३चा 'डेअरडेव्हिल' चित्रपट अर्ध्यावर सोडला होता. २०१५ची मालिका मात्र रात्री जागून संपवली. फरक फक्त नटांचा का?

उत्तर : नटांपेक्षा वेळेचा जास्त. चित्रपट १०३ मिनिटांचा. त्यात मॅटची (दिवसा वकील, रात्री मुखवट्यातला डेअरडेव्हिल) दृष्टी जाणं, वडिलांचा खून, वकिली, इलेक्ट्रावरचं प्रेम, बुल्सआय आणि किंगपिन हे खलनायक, एवढं सगळं कोंबलं. पुढे १३३ मिनिटांची आवृत्ती निघाली. तिच्यात गाळलेला खटला परत आला आणि गोष्ट बरीच सावरली. कात्री पहिल्यांदा लागते ती नायकाच्या रोजच्या कामाला. डेअरडेव्हिलची वकिली काढली तर उरते नुसती हाणामारी.

मालिकेच्या पहिल्या सीझनला १३ भाग मिळाले. खलनायक फिस्क, म्हणजे तोच किंगपिन, तिसऱ्या भागाच्या शेवटी दिसतो, एका पांढऱ्या चित्रासमोर उभा. आठव्या भागात तो सकाळी उठून ऑम्लेट करतो, सूट आणि कफलिंक्स निवडतो, आणि आरशात त्याला रक्ताने माखलेला पोरगा दिसतो. तो पोरगा म्हणजे तो स्वतःच. चित्रपटात हा नाश्ता संकलनाच्या टेबलावरच गेला असता. लाल पोशाखसुद्धा थेट तेराव्या भागात अंगावर चढतो, त्यामुळे तो कमावलेला वाटतो.

दुसऱ्या भागातली बोळकांडीतली मारामारी परत बघा. अरुंद जागा, मोजकी माणसं, कॅमेरा जवळपास तीन मिनिटं सलग चालल्यासारखा. आधीच जखमी असलेला मॅट भिंतीला टेकून दम खातो, पडलेले गुंड पुन्हा उठतात. याला इमारती कोसळवाव्या लागत नाहीत, छोट्या पडद्यावरही ते तितकंच भिडतं.

प्रश्न : मग सगळेच सुपरहिरो मालिकेत आणावेत का?

उत्तर : मुळीच नाही. ज्याची शक्ती प्रत्येक प्रसंगात दाखवावी लागते, तो मालिकेच्या खर्चात बसत नाही. २०१७च्या 'इनह्यूमन्स' मालिकेत नायिका मेडुसाची सगळी ताकद तिच्या जिवंत केसांत, आणि सुरुवातीलाच तिचं मुंडण होतं! केसांचा खर्च वाचला, पण पात्रच गेलं. नायक एका वस्तीचा असावा, त्याला पोटापाण्याचा धंदा असावा आणि शत्रू वर्षभर पुरणारा असावा. तरीही १३ भाग पुष्कळदा जास्तच होतात. 'जेसिका जोन्स' या मालिकेत खलनायक किलग्रेव्ह हाती लागतो, निसटतो, आणि मधले भाग रेंगाळतात. आठ-दहा भागांत ती गोष्ट अधिक घट्ट झाली असती.

प्रश्न : आपल्या लाडक्या वेताळाचं, म्हणजे चित्रकथांतल्या फँटमचं काय?

उत्तर : मालिकाच हवी. १९३६ पासून तो वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींनी वाढला. एकवीस पिढ्यांचे वेताळ आणि कवटीच्या गुहेतल्या त्यांच्या नोंदवह्या, म्हणजे भागांची तयार यादीच. १९९६च्या चित्रपटाला एकविसाव्याची एकच मोहीम दाखवता आली. बाकीचे वीस त्या वह्यांतच राहिले.