ऑस्करच्या यादीतला ‘द पेट्रिअट’ नाहीसा कसा झाला?

सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला चित्रपट हरवतोच कसा, असे आपण विचारले आहे. तो चित्रपट म्हणजे अर्न्स्ट लुबिच यांचा ‘द पेट्रिअट’ (१९२८). त्या विभागातील नामांकितांपैकी ज्याची संपूर्ण प्रत आज कोठेही उपलब्ध नाही, असा हा एकमेव चित्रपट आहे. (त्या वर्षी अकादमीने फक्त विजेते जाहीर केले होते, नामांकनांची यादी पुढे परीक्षकांच्या नोंदींवरून तयार झाली.)

रशियाचा झार पहिला पॉल याच्या १८०१ मधील हत्येवर हे कथानक बेतले होते. विक्षिप्त, सतत भेदरलेला झार एमिल यानिंग्स यांनी साकारला, तर झारचा ज्याच्यावर सर्वाधिक विश्वास आहे आणि जो देशासाठी त्याच्याच विरुद्ध कट रचतो, त्या काउंट पालेनची भूमिका लुईस स्टोन यांनी केली. लेखनाचे ऑस्कर हान्स क्राली यांना मिळाले.

पुरस्कार मिळाला की चित्रपट जपला जातो, हे गृहीतकच मला पटत नाही. १९२८ मध्ये बोलपटांची लाट आली होती. पॅरामाउंटने या मूकपटाला संगीत आणि ध्वनिपरिणाम जोडले खरे, पण पडद्यावरची माणसे बोलत नव्हती, आणि न बोलणाऱ्या चित्रपटांना लवकरच चित्रगृहे मिळेनाशी झाली. ज्या प्रिंटपासून भाडे येत नाही, ती स्टुडिओच्या लेखी गोदामातली अडगळच. त्यातून त्या काळी चित्रपट ज्या फितीवर असत ती नायट्रेट फिल्म चटकन पेट घेणारी, नीट न ठेवल्यास कुजून तिची भुकटी होणारी, आणि तिच्यातील चांदी काढून विकता येण्याजोगी. पुण्यात २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेली आग ज्यांना आठवते, त्यांना तिचा धोका वेगळा सांगायला नको. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९१२ ते १९२९ या काळातील सुमारे ११,००० पूर्ण लांबीच्या अमेरिकी मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात टिकले आहेत.

‘द पेट्रिअट’ची जाहिरातपट्टी (ट्रेलर), काही तुकडे आणि छायाचित्रे मात्र शिल्लक आहेत. यानिंग्स यांच्या अभिनयाचा अंदाज हवा असल्यास त्याच वर्षीचा ‘द लास्ट कमांड’ पाहावा. त्यात ते झारच्या सेनापतीच्या भूमिकेत आहेत. ज्या दोन चित्रपटांसाठी त्यांना अभिनयाचे पहिले ऑस्कर मिळाले, त्यांपैकी हा एक. दुसरा, ‘द वे ऑफ ऑल फ्लेश’, काही तुकडे वगळता असाच नाहीसा झाला आहे.