उजनीच्या पाणलोटातून किती नत्र-स्फुरद येतं, हे नकाशावरून कसं काढू?

तुमचा प्रश्न आहे की क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर) येतं, भीमेवरच्या उजनी धरणात येणाऱ्या नत्र-स्फुरदाचा अंदाज काढायचाय, तर मॉडेल कुठलं घ्यावं. मी याच खोऱ्यावर काम केलंय, म्हणून आधी सांगतो: मॉडेल नंतर निवडा. पाणी खरंच कुठून कुठे जातं, ते आधी पाहा.

एसआरटीएमच्या, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेल्या, 30 मीटरच्या चौकटींच्या उंचीच्या नकाशावरून पाणलोटाची हद्द आखली की मुळशी धरण मुळेच्या खोऱ्यात येतं. उतार बघितला तर बरोबरच आहे. पण मुळशीचं पाणी वीजनिर्मितीसाठी घाट उतरून भिऱ्याला, म्हणजे कोकणात जातं. खडकवासल्याचं पाणी कालव्याने दौंड-इंदापूरकडे जातं, आणि पुण्याच्या नळांतून फिरून सांडपाणी होऊन मुळा-मुठेत येतं. उंचीच्या नकाशाला यातलं काही कळत नाही. ते तुम्हालाच हाताने भरावं लागेल.

मग माणसांचा भार वेगळा आणि शेतीचा वेगळा मांडा. माणशी दिवसाला 10 ग्रॅम नत्र धरलं तर लाखभर वस्तीमागे रोज 1 टन होतं. 2011च्या जनगणनेवर वाढ धरा. सांडपाणी केंद्र आहे म्हणून नत्र गेलं असं मात्र मानू नका, साध्या प्रक्रियेत बरंचसं तसंच पुढे येतं. आणि हा भार बारा महिने येतो. उन्हाळ्यात नदीला स्वतःचं पाणी नसतं, तेव्हाही.

शेतीचा भार पावसाबरोबर येतो. त्यासाठी 'इन्व्हेस्ट' या सॉफ्टवेअरमधलं एनडीआर मॉडेल (जमिनीवरचं नत्र-स्फुरद किती वाहून जातं याचा हिशोब) चांगलं आहे: जमीन वापर, उतार, पाऊस द्या, ओढ्यापर्यंत किती पोचतं ते वर्षाच्या सरासरीत मिळतं. कुठल्या जमिनीतून किती नत्र-स्फुरद निघतं, याचे परदेशी तक्त्यांतले गुणांक जसेच्या तसे घालू नका, आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो. खताच्या आकड्यांकडेही नीट बघा. सुरू उसाची शिफारस हेक्टरी 250:115:115 किलो (नत्र:स्फुरद:पालाश). यातले मधले 115 हे स्फुरदाच्या ऑक्साइडचे. शुद्ध स्फुरद हवं तर 0.436 ने गुणा, म्हणजे साधारण 50. मी हे विसरलो होतो, आणि चूक जमीन वापराच्या नकाशात शोधण्यात तीन आठवडे गेले. नायट्रेटचंही तसंच: 45 मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे नत्र जेमतेम 10.

आलेला आकडा नदीवर ताडून बघितल्याशिवाय कुणाला देऊ नका. सोलापूरकर पावसाळ्यात रोज विचारतात तो 'दौंडचा विसर्ग', म्हणजे दौंडला भीमेतून उजनीकडे जाणारा प्रवाह, इथे कामाला येतो. सेकंदाला 1 घनमीटर प्रवाह आणि लिटरला 1 मिलिग्रॅम नत्र असेल तर दिवसाला 86.4 किलो. मात्र महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यावर विसंबू नका. स्फुरद मातीला चिकटून पहिल्या लोंढ्यातच वाहतं, आणि तो लोंढा दोन नमुन्यांच्या मधे निघून जातो. या पाण्यावर सोलापूरचे नळ चालतात. जूनमध्ये पहिलं गढूळ पाणी आलं की त्याच दिवशी बाटल्या घेऊन दौंडच्या पुलावर जा, आणि पुढचे काही दिवस दर सहा तासांनी नमुने घ्या.