बहिणीच्या नवऱ्यावर दावा चालू असताना तो वारला आणि त्याच्या जागी फक्त सासूचं नाव लागलं. घराच्या ताब्याच्या या दाव्यात विधवा बहिणीचं म्हणणं कोर्ट ऐकेल का?

ऐकावंच लागेल. मात्र दावा अजून चालू आहे की निकाल होऊन दरखास्त (हुकूमाच्या अंमलबजावणीचा अर्ज) लागलीय, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर ठरतं.

‘घरातल्या एकाचं नाव लागलं की झालं’ असं पक्षकारांना सांगणाऱ्यांची मला चीड आहे. हिंदू वारसा कायद्यात (१९५६) विधवा, आई, मुलगा, मुलगी हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. प्रतिवादी वारला की ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज वादीने द्यायचा असतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश २२ नियम ४; पुढचे आदेश-नियमही याच संहितेचे). मृत्यूची खबर कोर्टाला देणं हे मयताच्या वकिलाचं काम.

आधी रोजनामा (कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद), वारसांचा अर्ज आणि त्यावरचा हुकूम यांच्या नकला काढा. दावा चालू असेल तर मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा पुरावा जोडून आदेश १ नियम १०(२) खाली सामील होण्याचा अर्ज द्या. घोटाळा इथेच होतो. वारस म्हणून आलेल्या बाईला नवऱ्याचाच बचाव पुढे नेता येतो. घर तिने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर घेतलेलं असेल तर तो हक्क वेगळा मांडावा लागतो. अर्जात वारस आणि स्वतंत्र मालक ही दोन्ही नाती स्पष्ट लिहा.

कब्जा वॉरंट (घराचा ताबा घेण्याचा कोर्टाचा हुकूम) निघालं असेल तर बेलीफ दारात येण्याची वाट पाहू नका. स्वतंत्र हक्क असेल तर आदेश २१ नियम ९७ खाली हरकत घ्या. आधी घराबाहेर पडा आणि मग बोला, असं कोर्ट म्हणू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ब्रह्मदेव चौधरी प्रकरणात (१९९७) स्पष्ट केलंय. कब्जा गेलाच असेल तर नियम ९९, मुदत ३० दिवस. फक्त वारस म्हणून हरकत असेल तर त्याच संहितेचं कलम ४७.

या काळात तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी हेलपाटे घालत बसू नका. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क नाही, हे गावकीचं म्हणणं झालं. फेरफाराने मालकी ठरत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. वादीने प्रामाणिकपणे सासूला आणलं असेल आणि सासूने नीट लढत दिली असेल, तर मयताची बाजू मांडली गेली असं धरून हुकूम बहिणीवरही बंधनकारक ठरू शकतो. मग फसवणूक किंवा संगनमत दाखवावं लागतं: कैफियतच (दाव्याला लेखी उत्तर) दिली नाही, तारखांना कुणी नाही, परस्पर तडजोड. रोजनामा आधी मागायला सांगितलं ते याचसाठी.

वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला तर हेच कलम पुढे करा.